दुधाचे दात पडले म्हणून

पन्नाशी ओलांडलेल्या बाईने फोन उचलावा आणि पलीकडून कोणी "बाळा, घरात मोठं माणूस आहे का?" असं विचारावं, यात हसण्यासारखं काहीच नाही, असं चिमणीचं ठाम मत होतं. नवऱ्याचं मत वेगळं होतं. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. फोन वाजला की खोललेलं मशीन तसंच टाकून तो हात पुढे करायचा, "दे, दे, मोठ्या माणसाकडे दे."

चिमणी हे नाव तिला डबिंगच्या स्टुडिओत पडलं आणि चिकटलं. पडद्यावर नट ओठ हलवतात आणि काचेमागच्या बंद खोलीत दुसरंच कोणीतरी त्या ओठांवर शब्द बसवतं, असा तो धंदा. त्यात चिमणीने लहान मुलांचे आवाज काढण्यात हयात घालवली. जत्रेत चुकलेली पोरं, हट्टाने लोळण घेणारी पोरं, बोलणारे ससे, जाहिरातीत चिखल माखून घरी येणारी कार्टी, सगळी हिच्याच गळ्यातून बाहेर आली. शेजारणीची नातवंडं तिला ओळखत नव्हती, पण टीव्हीवर तिचा आवाज लागल्याशिवाय घास घेत नव्हती. तिला स्वतःला मूल झालं नाही. आधी फार लागायचं, मग कामाच्या रगाड्यात विसरायला झालं, असं ती सांगते. आपण विश्वास ठेवावा.

मग गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, काढून टाकली, पण डॉक्टरांनी बरेच दिवस तोंड उघडायची बंदी घातली. नवरा लोकांना सांगत सुटला, "लग्नानंतर पहिल्यांदाच माझी वाक्यं पूर्ण होताहेत!" घरात मात्र हा बहाद्दर मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायचा, आणि दुपारी काम सोडून वरणभात शिजवायचा. त्या भातात कधी मीठ नसायचं, कधी नुसतं मीठच असायचं. ती मुकाट जेवायची. तक्रार करायला आवाजच नव्हता, आणि खरं म्हणजे मनही नव्हतं.

आवाज परत आला, पण तळाशी थोडी खरखर घेऊन. स्टुडिओतून बोलावणी बंद झाली. कोणी वाईट बोललं नाही. "तुम्ही आता आराम करा हो," एवढंच म्हणायचे. आराम या शब्दाचा तिला इतका राग यायला लागला की झोपतानासुद्धा ती "पडते जरा" म्हणायची.

अशात एका सकाळी जुन्या ध्वनिमुद्रकाचा फोन आला. चिमणी त्याला दादा म्हणायची, वयाने तो धाकटा असला तरी. एक भयपट होता. निपुत्रिक नवरा-बायकोच्या दारात एक लहान मुलगी येते, आत घ्या म्हणते, आणि हळूहळू ते घर तिचं होतं, त्या दोघांचं राहत नाही. दिग्दर्शक नवखा. हा सिनेमा दोन खेळांत गाशा गुंडाळणार, यावर स्टुडिओत चहावाल्यापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. चित्रीकरणाच्या वेळी जनरेटरची घरघर आवाजात शिरली होती, म्हणून सगळे संवाद नव्याने भरायचे होते. आणि मधल्या काळात त्या सैतान मुलीचे पुढचे दोन दुधाचे दात पडले होते.

"ती प्रयत्न करणार आहे," दादा म्हणाला. "नाहीच जमलं तर तुम्ही. पण चिमणीताई, खरं सांगतो, आज जमलं नाही तर पुन्हा मला तुमचं नाव काढता येणार नाही. आजच कसंबसं काढलंय."

चिमणी स्टुडिओच्या बोळातल्या बाकावर जाऊन बसली. आतून मुलीचा आवाज येत होता, "थगळे झोपलेत. आता मी आणि तुम्ही." मागोमाग हसण्याचा स्फोट झाला. काचेमागची माणसं हसत होती आणि मुलीच्या कानावरच्या हेडफोनमध्ये ते सगळं जात होतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ती रडत बाहेर आली. तिची आई दिग्दर्शकाला जाब विचारायला आत गेली.

"रडू नको ग," चिमणी म्हणाली. "दात काय, येतील परत."

मुलीने रडणं थांबवून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू आजी आहेस की मुलगी?"

"कामावर मुलगी, घरी आजी."

"मग इथे काय करतेस?"

"काम मागायला आलेय."

मुलीला हे पटलं. तिने बाकावर जागा करून घेतली.

"मला एक सांग," चिमणीने विचारलं. "तू दारात उभी राहून आत येऊ का विचारतेस ना, तेव्हा मनात काय होतं तुझ्या?"

"काही नाही. मला सांगितलेलं, भीती वाटेल असं बघ. पण मला ती सिनेमात आई झालेली ताई आवडायची. काम संपलं की ती लगेच घरी जायची. मला वाटायचं, तिने दार लावूच नये."

आई आली आणि मुलीला घेऊन गेली. चिमणीला आत बोलावलं.

आत तिने जे काढलं ते काढायलाच नको होतं. दात-ओठ खाऊन बोलली, आवाज घोगरा केला, मध्येच फुस्स करून श्वास सोडला. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, हे भुतासारखं वाटतंय."

"भूतच आहे ना ते?"

"हो, पण सगळ्याच सिनेमांत असतं तसं."

त्याने माईक बंद केला आणि दादाकडे वळून काहीतरी बोलला. आवाज येत नव्हता. पण जिने जन्मभर ओठांवर शब्द बसवले, तिला ओठांवरचे शब्द उचलायला आवाज कशाला लागतो? "दुसरं कोणी मिळेल का?" तो म्हणत होता. दादाने मान खाली घातली.

चिमणीने हेडफोन उतरवायला घेतला. आता घरी जायचं, पडायचं, आणि त्याला आराम म्हणायचं. हात वर करून तिने आणखी एक संधी मागितली. पडद्यावर ती मुलगी पुन्हा दारात येऊन उभी राहिली. या खेपेला चिमणीने काहीच काढलं नाही. काचेपलीकडच्या दोघांकडे पाहिलं आणि मनातलं होतं तेच बोलली.

"मी आत येऊ? मी त्रास नाही देणार. दार लावू नका."

शेवटच्या 'नका'वर ती खरखर वर आली. तिने दाबली नाही.

काचेपलीकडचा माईक उघडला. मग दिग्दर्शकाचा आवाज आला, बारीक झालेला. "मावशी, माझ्या अंगावर काटा आलाय. सगळा सिनेमा असाच करू या."

सिनेमा लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला थोडेच लोक आले, तेही टिंगल करायला. सुरुवातीला शिट्ट्या पडल्या, कोणीतरी मांजराचा आवाज काढला. मग मुलगी दारात आली. "दार लावू नका" म्हणाली आणि शिट्ट्या विरल्या. इतक्या काकुळतीला आलेल्या पोराच्या तोंडावर दार कोण लावणार? पडद्यावरच्या बाईने तिला आत घेतलं. आता ही कधीच जाणार नाही, हे तिच्या आधी प्रेक्षकांना कळलं. शेवटी शेवटी तर मांजरवाला पाय वर घेऊन बसला होता. मागच्या रांगेत नवऱ्याने शेजारी बसलेल्या चिमणीचं मनगट धरलं होतं. दिवे लागल्यावर तो म्हणाला, "आज घरी गेल्यावर जरा वेळ बोलू नकोस, बाई." आणि डोळे पुसले. भीतीने पुसले की कशाने, ते तिने विचारलं नाही. तो बिनमिठाचा भात तिला आठवला आणि या माणसाचा आपल्यावर किती जीव आहे, या विचाराने तिला भरून आलं.

बाहेर लोकांनी त्या मुलीभोवती गराडा घातला होता. ज्याला त्याला ती खरीच सैतान वाटत होती, आणि दोन पावलं लांबूनच सगळे कौतुक करत होते. तिने चिमणीला पाहिलं आणि गर्दीतून धावत आली. पुढचे दोन्ही दात अर्धे उगवले होते.

"आजी! ऐकलंस? माझाच आवाज घेतला त्यांनी! उगाच हसत होते. आज हसलं का कोणी?"

"अगं, नाही, तो आवाज या..." मुलीची आई बोलू लागली. चिमणीने तिचा हात घट्ट दाबला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळा ठीक आहे. दादाने सांगितलं होतं, दिग्दर्शकानेही. तिला यातलं काहीच पुरतं खरं वाटलं नव्हतं. आता वाटलं.

"कोणी नाही हसलं," ती म्हणाली. "फार छान बोललीस ग."

"माहितेय मला. आणि तुझं काय झालं? काम मिळालं का तुला?"

"मिळालं."

"कोणी दिलं?"

"तू दिलंस," चिमणी म्हणाली.