दाबणारा हात

बाइंडिंगवाल्या काकूंचा हात चाले त्याच्या चौपट तोंड चाले. पण नवरा गेला आणि त्या तोंडाला सहा महिने कुलूपच लागलं. धाकटा दीर रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसे. एकटीला झेपणार नाही वहिनी, दुकान माझ्या नावावर करून टाका, हे एकच टुमणं. काकू मान खाली घालून छापील पानांचे फर्मे शिवत राहायच्या. आपल्याला दुःख झालंय, ते ओसरलं की बोलू, अशी मनाची समजूत घालायच्या. दुःख काही ओसरेना. शेवटी काकूंनी सही द्यायचं कबूल केलं. काय म्हणावं!

सहीच्या दिवशी दुपारी मास्तर आले. हे निवृत्त गृहस्थ अकरा वर्षं ख्रिस्ती धर्मग्रंथाचं मूळ ग्रीकवरून भाषांतर करत होते. त्यांची रीत अशी, की पान लिहून झालं की काकूंना वाचून दाखवायचं आणि काकूंनी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. मास्तरांनी मध्ये अवाक्षर काढायचं नाही. काकू चुकल्या तर चूक पानाची.

आजचं पान ऐकून काकूंनी सांगितलं, की यातल्या लोकांचं कुणीतरी गेलंय, रडताहेत बिचारे, काही दिवसांनी वाटेल बरं. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदाच नियम मोडला. दुःख हा शब्द माझाच चुकला, म्हणाले. मुळात आहे थ्लिप्सिस, म्हणजे दाबणं. रस काढायला द्राक्षं चेपतात तसं. माणसाला चहूबाजूंनी इतकं रेटतात, की श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

काकूंची सुई थांबली. "म्हणजे ते आपोआप ओसरत नाही?"

"दाबणारा हात काढेपर्यंत नाही."

 काकूंना असा संताप आला, की सहा महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. मास्तर शब्द खोडत बसले आणि काकूंनी समोरच डबा उघडून चाटूनपुसून संपवला.

संध्याकाळी दीर कागद घेऊन हजर. काकूंनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला. दीर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, दुःखात आहात म्हणून असं वागताय. मी उद्या येतो."

"दुःख ह्यांच्या जाण्याचं आहे, ते मी जन्मभर सांभाळेन," काकू म्हणाल्या. "छातीवरचा हा भार मात्र तुमचा आहे, भाऊजी. उद्या येऊ नका."

तो गेल्यावर काकूंनी हातातला फर्मा शिवून पुरा केला. मग दुकान नेहमीच्या वेळेलाच बंद केलं.