पोपटांना मोकळं रान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेच हसलात तर चहा अंगावर सांडेल. माझ्या सख्ख्या बहिणीच्या सासरचं शेत मी एका सकाळी पोपटांच्या हवाली केलं. तेही समाजसेवा म्हणून!

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी मूळचा खर्डीचा, कल्याणला ऑफिसात नोकरीला. सुमनताईला दिलेलं मुरबाडच्या पुढं, सिद्धगडाच्या पायथ्याशी. गडावर सुट्टीला शहरातली माणसं यायची आणि रानात वेफर्सच्या पिशव्या फेकून जायची. ताई वैतागायची. मग मीच ऑफिसातली मंडळी गोळा केली. म्हटलं, आपण तसले पाहुणे नाही. जेवण गावातच करायचं, तांदूळ-नाचणी गावातूनच विकत घ्यायची आणि दिसेल तो कचरा उचलायचा.

मुरबाडहून जीप सुटली तेव्हापासून माझं भाषण चालू. ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं, तरी मी थांबलो नाही.

गावाच्या अलीकडेच उतरलो. आधी काम, मग चहा! आणि समोर बघतो तर काय? पिवळंधमक भात, त्यात जागोजागी काठ्या, काठ्यांना फाटक्या पिशव्या आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत चमचमणाऱ्या कॅसेटच्या फिती!

"बघा!" मी ओरडलो. "गाणी ऐकून झाली की फिती शेतात! काय ही माणसं!"

आमचा दिलीप जरा विचारी. म्हणाला, "अरे, या मुद्दाम बांधल्यासारख्या वाटतात."

"दिल्या, मी शेतकऱ्याचा पोरगा. तू मला शेत शिकवणार?"

त्यानं गोण उघडली. कोण बोलणार पुढं? आमच्या घरी शेतात पेंढ्याचं एक बुजगावणं असायचं, बस्स. फितीबिती मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पण हे कबूल करेन तर मी कसला!

तासाभरात शेत लख्ख. फितींचा गुंडाळून गुंडाळून शेवयांसारखा गोळा झाला. गोणी भरल्या, मुरबाडला परत निघालेल्या त्याच जीपच्या टपावर टाकल्या आणि ड्रायव्हरला सांगितलं, "लांब नेऊन टाक." मग छाती पुढं काढून ताईच्या दारात!

ताईनं चहा ठेवला. तिची सासू, म्हणजे मावशी, ओटीवर सूप घेऊन बसलेली. एकदम सूप खाली ठेवून तिनं कान टवकारले.

"सुमन, फितींचा आवाज येत नाय गो?"

"कसल्या फिती, मावशी?" मी कौतुकानं विचारलं.

"शेतात लावल्यात ना. वाऱ्यानं भुर्रर्र करतात, मग पाखरू उतरत नाय. परवा कापणी हाय आमची."

घोट गिळावा की थुंकावा? दिलीपनं माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं.

"बाळ्या," ताई हळूच म्हणाली, "तू काय केलंस?"

मी सांगितलं. सांगताना 'गावाचं भलं' हे शब्द आपोआप गळाले.

मावशी अनवाणी धावत सुटली. आम्ही सगळे तिच्या मागं. शेत सकाळी पिवळं होतं ना? आता हिरवं झालेलं! पोपटच पोपट! कणसं खुडतायत, अर्धी खातायत, अर्धी खाली टाकतायत.

"गेलं रे माझं भात!" मावशीनं बांधावरच बसकण मारली. ताईच्या डोळ्यांत पाणी. माहेरचा माणूस असले दिवे लावून गेला, तर तिनं त्या घरात मान वर कशी करायची?

तिचं तोंड बघवेना. मी सरळ शेताकडं धाव घेतली. "मंडळी, गड राहू दे! एकेक बांध धरा!"

आणि काय सांगता, मंडळी भिडली की! दिलीपनं पत्र्याचा डबा बडवला. हेडक्लार्क बाई दोन्ही हातांनी पदर फडफडवत "हाऽऽ हूऽऽ" करत पळत होत्या. ऑफिसात त्यांचा आवाज फाइलीच्या पलीकडं जात नसे! मी मधल्या बांधावर उभा राहून गायला लागलो. आरत्या, लग्नातली गाणी, शाळेतल्या कविता, जे आठवेल ते. पोपटांचा थवा उठला, एक घिरटी मारली आणि गडाच्या रानाकडं निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा हाकलला.

मुक्काम वाढवला. रजा टाकल्या. कापणीच्या सकाळपर्यंत एक पोपट टिकू दिला नाही. पहिला भारा बांधावर आला तेव्हा आम्ही अशा आरोळ्या ठोकल्या की गड जिंकल्यासारखं वाटलं! मावशीनं सगळ्यांना पानावर बसवून वाफाळता भात वाढला आणि ताईला म्हणाली, "तुझ्या माहेरची माणसं कामाची हायेत गो."

ताई अशी हसली म्हणता! मीही फुगलो. तोवर अख्खं गाव बांधावर जमून माझी गाणी ऐकत होतं, हे मी पाहिलं होतंच. हात धुता धुता सहज विचारलं, "मावशी, आवाज बरा आहे ना माझा?"

"चांगला हाय रे," मावशी मनापासून म्हणाली. "पुढल्या साली बी ये. पन आमी सांगू तेवढंच गा. पोपट गेले ते गेले, आमची म्हैस दोन दिस झाले दूध देत नाय."