टंगळमंगळीचा तक्ता

माझी वहिनी शर्टांच्या कारखान्यात नऊ वर्षं काजाच्या मशीनवर बसायची. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक. दिवसाला किती शर्ट तिच्या हाताखालून जायचे देव जाणे, पण तिचा हात कधी अडला नाही. मुळात स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा तिचं अर्धं लक्ष उठण्याकडे. दादा म्हणायचा, "लग्नाच्या फोटोतसुद्धा ही हललेली आली आहे." आणि ते खरं होतं.

कारखान्यात नवे मॅनेजर आले. बायकांचा कामाचा वेळ कुठे जातो याची नोंद ठेवायला मशीनवरच्याच कुणालातरी उभं करायचं त्यांनी ठरवलं. सगळ्यांनी वहिनीकडे बोट दाखवलं. बारावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी वाचता येणारी, आणि स्वतः कधी वेळ न दवडणारी. तिच्या गळ्यात एक स्टॉपवॉच आलं, हातात पॅड आलं आणि पॅडला लावलेला छापील तक्ता. कुणाचं मशीन थांबलं की बटण दाबायचं, पुन्हा सुरू झालं की दाबायचं, आणि किती मिनिटं गेली ते लिहून शेजारी खूण करायची. खूण करायला अकरा इंग्रजी शब्द होते. तक्ता परदेशातल्या मुख्य ऑफिसातून जसाच्या तसा आला होता.

पहिल्याच संध्याकाळी ती तो घरी घेऊन आली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरातली एकुलती एक डिक्शनरी माझी होती.

"डॉडलिंग म्हणजे काय गं?"

"रेंगाळणं."

"आणि लॉयटरिंग?"

"तेही रेंगाळणंच. पण उभ्याने, काही काम नसताना. घुटमळणं म्हण."

"डिली-डॅली?"

दादा ताटावरच हसला. "ह्या बहुतेक दोन बहिणी असणार."

"चालढकल," मी सांगितलं. "ट्रायफलिंग म्हणजे फुटकळ गोष्टींत वेळ घालवणं. टिवल्याबावल्या. फिडलिंग म्हणजे हाताने कशाशीतरी चाळा करणं. आणि पॉटरिंग म्हणजे इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत राहायचं, काम चाललंय असं वाटावं म्हणून."

"म्हणजे मी रविवारी करतो ते," दादा म्हणाला.

"आयडलिंग?" वहिनीने विचारलं.

"काहीच न करणं."

"मग बाकीच्या दहांत काय करतात?"

याचं उत्तर डिक्शनरीत नव्हतं. तिने प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी शब्द लिहून ठेवला. गंमत म्हणजे आमच्याकडचे बरेच शब्द शिल्लकच राहिले. टंगळमंगळीला कुठेच जागा मिळाली नाही. शेवटी दादाने तो सगळ्यात वर लिहून टाकला, मथळा म्हणून.

पहिले काही दिवस आम्हाला मजा वाटली. मग ते स्टॉपवॉच घरात शिरलं. गळ्यात नसलं तरी तिचा अंगठा हवेत दाबत राहायचा. दादाची दाढी चौदा मिनिटं. माझी अंघोळ अठरा मिनिटं, "आणि त्यातली सात नुसता नळ चालू होता." दादा चपला शोधायला लागला की ती दारातून म्हणायची, "डॉडलिंग." सुरुवातीला हसत म्हणायची. नंतर हसणं गेलं, म्हणणं राहिलं. कारखान्यात तर ती ज्या ओळीत शिरेल त्या ओळीतलं बोलणं बंद पडायचं. नऊ वर्षं शेजारी बसून डबा खाल्लेल्या बायका तिला "या मॅडम" म्हणायला लागल्या.

आणि मग कॉलरमावशीचा प्रश्न आला.

कॉलरमावशी बावीस वर्षं कॉलर शिवत होती. कॉलरची टोकं अशी काढायची की इतरांनी बघत राहावं. कामात कुणापेक्षा मागे नव्हती. पण दिवसातून सहा-सात वेळा ती मशीन बंद करायची, उठायची आणि हॉलच्या टोकाच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. कधी तीन मिनिटं, कधी पाच. मग येऊन पुन्हा कामाला लागायची. बेरीज एकतीस मिनिटं. कारखान्यात एवढी बेरीज दुसऱ्या कुणाची नव्हती.

वहिनीला तिच्यावर खूण करायची नव्हती. कागदावर शेरा लिहायला तळाशी थोडी जागा होती. तिथे काहीतरी कारण घालून मावशीला वाचवावं असं तिच्या मनात होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने मावशीला पाण्याच्या नळाशी गाठलं.

"मावशी, तुम्हाला पायांचा त्रास आहे का?"

"नाही गं."

"डोळ्यांना ताण पडतो म्हणून लांबचं बघता, असं लिहू?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? एका झटक्यात दोरा ओवते."

"मग घरी काही काळजी?"

"घरी मी आणि माझी बहीण. ती माझ्याहून ठणठणीत आहे."

"मग खिडकीत बघता तरी काय?"

"गाड्या वळतात त्या बघते. एक ड्रायव्हर आहे, त्याला गाडी वळवताच येत नाही. फार हसू येतं."

"पण का, मावशी?"

"का म्हणजे? कंटाळा येतो. तुझ्या कागदावर कंटाळा नाहीये का?"

नव्हता. वहिनी घरी आली ती धुमसतच. ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. "साधं एक कारण द्यायला काय जात होतं बाईचं? पाय दुखतात म्हणाली असती तर मी लिहिलं असतं!" मी म्हटलं, "अगं, पण दुखत नाहीत ना." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुस्तक उघडून बसले.

चार दिवस तिने मावशीपुढचा खुणेचा रकाना कोरा ठेवला. पाचव्या दिवशी मॅनेजरनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही. त्यालाही दर शुक्रवारी वरती कागद पाठवावे लागत.

"मॅडम, इथे मिनिटं आहेत, शब्द नाही."

"शोधतेय सर. नीट बसत नाहीये."

त्यांनी खणातून दुसरा तक्ता काढून तिच्यापुढे सरकवला. नोंद ठेवणाऱ्यांचीही नोंद ठेवली जात होती. ते काम सुपरवायझरकडे होतं आणि वहिनीला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: हातात पेन, लिहिणं नाही, सव्वीस मिनिटं. आणि अकरा शब्दांतल्या शेवटच्या, डिदरिंगवर, खूण. लिहू की नको, करू की नको, असं अडून राहणं.

वहिनी मला नंतर म्हणाली, "कानशील तापलं गं. नऊ वर्षांत मला कुणी थांबलेली बघितली नव्हती." तिने तिथेच, साहेबांच्या टेबलावर, मावशीपुढच्या चारही रकान्यांत लॉयटरिंगवर खुणा केल्या आणि बाहेर आली.

सोमवारी कॉलरमावशीला पॅकिंगला पाठवलं. ते तळघरात होतं. ट्यूबलाइट, पुठ्ठे, टाचण्या, आणि खिडकी एकही नाही. कुणी मावशीला बोललं नाही, कुणी भांडलं नाही. ती आपली डब्याची पिशवी घेऊन जिना उतरून गेली.

त्यानंतर वहिनीचा जीव थाऱ्यावर राहिना. घास घेऊन उठायची, दार उघडून बघायची, परत बसायची. दादा म्हणाला, "अगं, एक जागी तरी उभी राहा." ती म्हणाली, "त्यालाही शब्द आहे." दहाएक दिवसांनी ती आपणहून मॅनेजरकडे गेली.

"सर, मावशींचं मी चुकीचं लिहिलं. ते लॉयटरिंग नव्हतं."

"मग काय होतं?"

"विरंगुळा होता."

मॅनेजर म्हणाले, "शब्द चांगला आहे. पण वरती काय लिहू? याला कोड नाही आपल्याकडे."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी डिक्शनरी पालथी घातली. जे शब्द सापडले ते सुट्टीचे होते, खेळांचे होते, करमणुकीचे होते. कामाच्या मधल्या पाच मिनिटांना पुरेल असा एकही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्टॉपवॉच साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि काजाचं मशीन परत मागितलं. साहेबांनी समजावलं, पुढे बढतीची संधी आहे म्हणाले. ती म्हणाली, "मला जमत नाही." एवढंच. पुढे पाच महिन्यांनी तक्तेच बंद झाले. मशीनलाच मोजणारं यंत्र बसलं. मावशी मात्र वर आली नाही, कारण कॉलरवर तोवर दुसरी बाई रुळली होती.

एका रविवारी वहिनी मला सोबत घेऊन मावशीच्या घरी गेली. दोन खोल्या, दारात कपड्यांची दोरी. मावशीची बहीण खाली बसून मटार सोलत होती.

"मावशी, माझ्यामुळे झालं," वहिनी उभ्या उभ्याच म्हणाली.

"हो, तुझ्यामुळेच," मावशी म्हणाली. मला वाटलं होतं ती 'जाऊ दे गं' म्हणेल. "खोटं लिहायला तू तयार होतीस. पाय म्हण, डोळे म्हण. खरं काय ते सांगितलं तर तुझं पेन चालेना."

वहिनीने मान खाली घातली. बहिणीने चहा आणला. वहिनीने तो गरम गरम दोन घोटांत संपवला आणि निघायला पाऊल उचललं.

"बस," मावशी म्हणाली. "आली आहेस तर बस जरा. कामाशिवाय."

वहिनी बसली. बहिणीने मटारचं ताट पुढे सरकवलं तेव्हा तिने झडप घातल्यासारखे हात पुढे केले, पण मावशीने ताट बाजूला घेतलं. मावशीने मध्येच तळघरातल्या टाचण्यांचं काहीतरी सांगितलं, कुणाच्या तरी बोटात रोज एक कशी शिरते ते. वहिनी पदराचं टोक पिळत राहिली, पण उठली नाही. तासभर तरी आम्ही बसलो असू. नक्की किती ते सांगता येणार नाही.

परत येताना ती इतकी भरभर चालायला लागली की मला मागून पळावं लागत होतं. कोपऱ्यावर ती अचानक थांबली.

"पुढच्या रविवारी परत येऊ या का गं?"

"तिने बोलावलंय का?"

"नाही," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली.