छावणीतली स्वयंपाकीण

एडेलट्राउड रिकमान बाविसाव्या वर्षी मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यातून थेट सरकारी चाकरीत लागली. गणवेश फुकट, राहायला खोली, दिमतीला कुत्रा. नाझींच्या छळछावणीतल्या कैदी बायका रांगेत नीट उभ्या राहतात का, एवढंच पाहायचं. ज्यांना उभं राहवत नसे, त्यांच्यासाठी कुत्रा होता.

जर्मनी हरल्यावर तिनं गणवेश चुलीत घातला आणि इंग्रज अधिकाऱ्याला सांगितलं, "मी बाई साधी स्वयंपाकीण!" तिच्या सगळ्या मैत्रिणींनीही हेच सांगितलं. इतक्या सुगरणी असताना हजारो बायका भुकेनं कशा मेल्या, हे कोडं सोडवायला साहेबाला सवड नव्हती. त्यानं तिला सोडून दिलं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. तीस वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा शेजारच्या थीलेबाई खवळल्या. "अहो, ही साधी माशी मारत नाही!"

माश्यांची तक्रार नव्हतीच.

एका दुपारी कॉफी ओतताना मुलगी मार्लिसनं विचारलं, "आई, तुला बटाटे धड उकडता येत नाहीत. तिथे काय रांधायचीस गं?"

"तेव्हा यायचं. विसरले आता."

विसरण्यात अख्खं गावच तरबेज होतं.

साक्षीला पोलंडहून ब्रोनिस्लावा नावाची शिवणकाम करणारी बाई आली. तिनं सरळ बोट दाखवलं. "हीच. माझ्या बहिणीवर कुत्रा हिनं सोडला."

"तारीख? वेळ?" आरोपीच्या वकिलानं विचारलं.

"घड्याळ आत शिरतानाच काढून घेतलं होतं, साहेब. यांना विचारा, यांच्या मनगटावर असायचं."

एडेलट्राउडनं नकळत बाही खाली ओढली. मार्लिसनं ते पाहिलं.

शिक्षा अडीच वर्षांची झाली. लगेच डॉक्टरांचा दाखला पुढे आला, की बाईंचं हृदय नाजूक आहे. तिला हृदय असल्याचा तो पहिलाच लेखी पुरावा. न्यायाधीश हळहळले, तुरुंग लांबणीवर पडला आणि थीलेबाईंनी घरी केक भाजायला घेतला.

दालनाबाहेर, वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसलेल्या ब्रोनिस्लावाला मार्लिसनं गाठलं. "मी... तिची मुलगी."

ब्रोनिस्लावानं मान वर केली. "तुमची बहीण आहे?"

"नाही."

"माझी होती. हान्का नाव तिचं. एकोणीस वर्षांची. कोर्टात नाव कुणी विचारलंच नाही."

मार्लिस तिच्याशेजारी बाकावर बसली. खाली मोटारीत आई हॉर्न वाजवत होती. ती उठली नाही. "अजून सांगा ना हान्काबद्दल," ती म्हणाली.