पाच ते सहाच्या मधले पाच बिंदू

हे लिहिण्याआधी माफी मागतो. मी लेखक नाही. शास्त्रज्ञ म्हणवून घ्यावं असंही माझ्या हातून फार काही झालेलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे छापील शब्दाचा मला अजून धाक वाटतो. तरी लिहितो, कारण ही चूक माझ्याखेरीज दुसरं कोणी लिहिणार नाही.

बी.एस्सी.ला आम्ही प्रॅक्टिकलची रीडिंग उलटी काढायचो. लंबकाचा प्रयोग असला की गुरुत्वत्वरणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं हे ठाऊक असायचं. मग उत्तरापासून मागे येत आंदोलनांचे सेकंद काढायचे आणि जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचे. सगळेच करायचे. मी त्यात जरा जास्तच हुशार होतो. एखादं रीडिंग मुद्दाम थोडं चुकीचं लिहायचो, म्हणजे खरं वाटावं. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, आणि घरी त्याचे पेढे वाटले होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पीएच.डी.साठी इस्राएलमधल्या बेर्शेबाला गेलो. तिथे प्राध्यापक सँडल घालून यायचे आणि सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून 'सर'च निघायचं. प्रयोगशाळेत एक मुलगी होती. तिचा जन्म तिथलाच, पण आईकडचे लोक अलिबागचे. मराठी तिला समजायचं, उत्तर मात्र ती हिब्रूत द्यायची. मला तेवढं 'भाऊ' म्हणायची. "भाऊ, तू सर म्हणालास की तो मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून!"

माझं काम साधं होतं. धातूचा पातळ थर द्रव हेलियममध्ये थंड करायचा आणि तो हळूहळू तापत असताना त्याचा विद्युतरोध मोजायचा. हेलियम दर गुरुवारी मिळायचं. एका गुरुवारी ते लवकर संपलं. तापमान पाच केल्विनवरून सहावर सर्रकन गेलं आणि मधली पाच रीडिंग निसटली. शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि रविवारी सकाळी गटाच्या बैठकीत आलेख दाखवायचा होता. अलीकडचे बिंदू होते, पलीकडचेही होते. मी मधून एक छान वक्ररेषा काढली आणि तिच्यावरून पाच आकडे भरले. त्या बिंदूंना मोजमाप किती इकडे-तिकडे असू शकतं ते दाखवणाऱ्या त्रुटीच्या उभ्या रेघासुद्धा काढल्या, इतर बिंदूंना होत्या तशाच. आजही हे आठवलं की कान गरम होतात.

फसवायचं असं मनात नव्हतं. पुढच्या गुरुवारी खरी रीडिंग मिळतील आणि ती या रेषेवरच पडतील, असा मला पक्का विश्वास होता. पुढच्या गुरुवारी तो थरच तडकला. आलेख मात्र तोवर शोधनिबंधात गेला होता. अगदीच खोटेपणा नको म्हणून मी वहीत मराठीत लिहून ठेवलं, 'मधले पाच आकडे हाताने भरले आहेत.' तिथे ते कोण वाचणार होतं?

वाचलं ते वर्कशॉपमधल्या काकांनी. पेणहून तरुणपणी आलेले हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, गृहस्थ आमचे पंप दुरुस्त करायचे. एकदा पंप खोलून बसले असताना शेजारी माझी वही उघडी होती.

"हाताने भरले म्हंजे काय रे पोरा?"

"काका, तुम्हाला वाचता येतं?"

"चौथी पास हाय मी पेणच्या शाळेतला. अक्षर बरं हाय तुझं. काम बरं नाय." त्यांनी हात पुसले. "साहेबाला सांगितलंस?"

"सांगतो काका. पेसाहच्या सणाची सुट्टी झाली की सांगतो."

"मी नाय सांगणार. तोंड तुझं, तूच उघड."

पेसाह झाला. मी तोंड उघडलं नाही. परदेशातून परत पाठवतील, गावात काय सांगू, हेच डोक्यात फिरायचं. आमच्या प्रयोगशाळेत गुपित असं काही नव्हतं. दारं उघडी, फळ्यावरची गणितं जाणारा येणारा वाचायचा. त्या सगळ्या मोकळ्या जागेत एक गुपित होतं, आणि ते माझं होतं.

मग एक दिवस ती मुलगी माझ्या आलेखाची प्रत घेऊन आली. तिचा दोन वर्षांचा प्रबंध एका गणितावर उभा होता. त्या गणिताप्रमाणे विद्युतरोधात पाच ते सहाच्या मध्ये कुठेतरी एक छोटी पायरी दिसायला हवी होती.

"इथे तुला काहीच दिसलं नाही?" तिने त्या पाच बिंदूंवर बोट ठेवलं.

"नाही."

"तू स्वतः मोजलंस?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हणालो, "हो."

रविवारच्या बैठकीत प्राध्यापक तिला हसत म्हणाले, "निसर्गाला तुझं गणित आवडलेलं दिसत नाही." तीही हसली. मी माझ्या वहीकडे बघत बसलो. काही महिन्यांनी तिने पीएच.डी. सोडली आणि किर्यात गातच्या चिप कारखान्यात नोकरी धरली. निरोपाचा केक कापताना मला म्हणाली, "भाऊ, तुझी रेषा फार गुळगुळीत निघाली रे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पदवी घेऊन मी परत आलो, पुण्यात एका कॉलेजात नोकरीला लागलो. दोन वर्षं गेली. पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत एका विद्यार्थ्याची रीडिंग उलटी काढलेली आहेत हे मला लगेच कळलं. त्याला रागवायला तोंड उघडलं, आणि त्याची उत्तरपत्रिका तशीच मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना ई-मेल लिहिलं, सगळं, त्रुटीच्या रेघांसकट. उत्तर दोन ओळींचं आलं. नवा थर बनवून पुन्हा मोजू, दुरुस्ती छापू. आणि तिला तू स्वतः लिही.

तिला लिहायला मला आणखी तीन आठवडे लागले. तिचं काही उत्तर आलं नाही. नसेल द्यायचं, असं मी धरून चाललो.

सात महिन्यांनी तिचं ई-मेल आलं. प्राध्यापकांनी तिला बोलावून घेतलं होतं. कारखान्यातून रजा काढून तीन गुरुवार ती बसने बेर्शेबाला गेली आणि मधली रीडिंग तिने स्वतः घेतली, पाचाऐवजी चाळीस. पायरी आहे. साडेपाचच्या थोडी खाली, तिच्या गणितात होती तिथेच. प्राध्यापक परत ये म्हणाले, पण तिची मुलगी लहान आहे, नोकरी बरी चालली आहे, ती आता परत जाणार नाही. नव्या निबंधावर तिचं नाव पहिलं असेल, एवढं तिने कळवलं होतं.