दाण्याचं दूध

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याहून सकाळच्या मोटारीनं सौसरला गेलो. बातमी मलाच सांगायची होती, पण सांगायची वेळच आली नाही. मुंडण केलेलं डोकं टोपीखाली लपत नाही. स्टँडवर उतरलो तसा समोरचा शिंपी मशीन थांबवून उभा राहिला, मग पानवाला उठला, आणि बाबांच्या शाळेपर्यंत पोचेस्तोवर माझ्यामागे वीसेक माणसं झाली होती. त्यातल्या निम्म्यांना बाबांनी मुळाक्षरं शिकवली होती, उरलेल्यांच्या पोरांना. "देवमाणूस गेला जी," शिंपी डोळे पुसत म्हणाला, "गुरुजीनं कधी मुंगीलेही दुखवलं नाई." मी मान हलवली. खरंच होतं ते. मुंगीला नाहीच दुखवलं. पण मुंगी काही त्यांच्या घरात जन्माला आली नव्हती...

पुढं शोकसभा झाली, ठराव झाला, आणि शाळेच्या वार्षिकाच्या या पुरवणीसाठी चार ओळी लिहा म्हणून मला निरोप आला. लिहितो. पण ज्यांना देवमाणूस हवा असेल त्यांनी तो ठराव वाचावा. मी ज्या माणसाच्या ताटाशेजारी ताट मांडून वाढलो, त्याच्याबद्दलच मला लिहिता येईल.

बाबा दूध घेत नसत. दूध नाही, दही नाही, ताक, लोणी, तूप काही नाही, मधसुद्धा नाही. पायात कापडी जोडे, कारण चामडं नको. पूजेला सुती पंचा, कारण रेशीम नको. सकाळी गूळ-सुंठीचा काळा चहा, दुपारी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. होळीला पुरणपोळी व्हायची, पण तिच्यावर तुपाऐवजी शेंगदाण्याचं कच्चं तेल. कढी चिंचेची. हे व्रत त्यांनी घेतलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आईला त्यांनी विचारलं नाही, फक्त कळवलं. तिनं माहेराहून आणलेला ताकाचा डेरा होता, त्यात तिनं ज्वारी भरून ठेवली आणि विषय संपला. कारण मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गावात तर्क खूप होते. कुणी म्हणे वर्ध्याकडे कुणा साधुपुरुषाला भेटून आले, कुणी म्हणे पोटाचं दुखणं आहे. एकदा धीर करून मी विचारलं, "बाबा, दूध कायले नाई प्यायचं?" तर म्हणाले, "नाई म्हणजे नाई." शाळेत हेच गृहस्थ एका गणिताची तीन-तीन कारणं समजावून सांगत. घरी एकही नाही.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. शाळेसमोर झेंडा चढला, गाणी झाली, आणि एका व्यापाऱ्यानं पेढ्यांचं ताट पाठवलं. बाबा हेडमास्तर. त्यांनी पेढे अडवले नाहीत. दुसऱ्यांच्या पोरांवर त्यांनी आपलं व्रत कधी लादलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. मी रांगेत होतो. माझ्या हातावर पेढा पडला आणि मी तो तोंडात टाकला. चावलासुद्धा नाही, तोंड मिटून तसाच विरघळू दिला. सहा वर्षांनी ती चव जिभेवर येत होती. बाबांनी मला बोलावलं, हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला आणि विहिरीपाशी नेऊन माझ्या घशात दोन बोटं घातली. सगळी शाळा बघत होती. पोट्टे हसले, आणि कोण हसलं त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. मग बाबांनी स्वतः पाणी शेंदून माझं तोंड धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. हात अगदी मऊ होता त्यांचा. त्या मऊपणाचा मला जास्त राग आला. स्वतंत्र भारतात मी पहिलं काम केलं ते ओकण्याचं, असं मी पुढं मित्रांना हसून सांगत असे. हसू कधी खरं नव्हतं.

दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण कुसुम मुदतीच्या तापानं आजारी पडली. सहा वर्षांची होती. दवाखान्याचे डॉक्टर घरी आले, नाडी पाहिली, म्हणाले, "दुधावर ठेवा हिला. दुसरं काही पचायचं नाही." बाबा म्हणाले, "दूध सोडून सांगा, डॉक्टरसाहेब." डॉक्टरांनी एकदा आईकडे पाहिलं. आई पदर चाचपत भिंतीशी उभी होती. "मग पेज द्या, मुगाचं कढण द्या," असं म्हणून डॉक्टर निघून गेले. कुसुमला पेज नको होती. तिला दहीभात हवा होता, शेजारच्या काकूंकडे तिनं तो चोरून खाल्लेला होता. तापात ती तेवढंच म्हणायची, दही, दही... आईनं मऊ भात कालवला, त्यात चिंचेचं पाणी आणि साखर घातली आणि घास पुढं केला, "घे माय, दहीभात." कुसुमनं घास तोंडात घेतला, थांबली, आणि बाहेर काढून आईच्या हातावर ठेवला. म्हणाली, "हे दही नाई." बाबा उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होते. त्यांनी पंखा थांबवला नाही. तीन दिवस ते जागचे हलले नव्हते, शाळेतसुद्धा गेले नव्हते.

इथवरची हकिगत मी आयुष्यभर सांगत आलो. बायकोला सांगितली, मित्रांना सांगितली. पुढची कुणालाच सांगितली नाही. त्याच दुपारी शेजारच्या काकूंनी मागच्या कुंपणावरून मला हाक मारली आणि पदराखालची दह्याची वाटी माझ्या हातात दिली. "बाबा आंघोळीले गेले का पोरीले चार चमचे घाल," म्हणाल्या. बाबा आंघोळीला गेले. आईही चुलीपाशी होती. मी वाटी घेऊन कुसुमपाशी उभा राहिलो. तिनं वाटी पाहिली. आणि मला विहीर आठवली, ती दोन बोटं आठवली, आणि मी मागच्या दारानं जाऊन ते दही पेरूच्या झाडाखाली ओतून दिलं. चौदा वर्षांचा घोडा होतो मी. काकूंनी कुंपणावरून विचारलं, "खाल्लं का पोरीनं?" मी म्हणालो, "हाव, सारं खाल्लं." काकूंना एवढा आनंद झाला... तिसऱ्या दिवशी कुसुम गेली. डॉक्टर म्हणाले, दुधानं वाचली असतीच असं काही नाही. म्हणाले असतील. मला एक गुन्हेगार हवा होता आणि तो मला घरातच मिळाला होता. दुसऱ्याकडे मी बघितलंच नाही.

पुढं प्रांताची फाळणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि आम्ही मराठी बोलणारे लोक नव्या मध्य प्रदेशात राहिलो. सौसरच्या चौकात रोज वाद चालायचे. त्याच महिन्यात आई गेली, त्यामुळं राज्य कुणाचं झालं हे आमच्या घरात कुणाला नीटसं कळलंच नाही. मी पांढुर्ण्याला कचेरीत कारकून होतो. बाबा सेवानिवृत्त होऊन माझ्याकडे आले. दिवसभर कचेरीत हिंदीत टिपणं लिहायची आणि घरी येऊन बाबांशी मराठीत अबोला धरायचा, असे माझे दिवस. माझ्या घरात दूध होतं. नुसतं होतं असं नाही, मी ते दाखवून आणत असे. रविवारी बासुंदी, सणाला श्रीखंड, बाबांसमोर बसून वाटी चाटून खायची. ते शांतपणे भाकर-चटणी खात. एकदा मी म्हटलं, "बाबा, वास तर घ्या." माझी बायको शालिनी ताटावरून उठून गेली. बाबा म्हणाले, "खाऊ दे त्याले. लहानपणी नाई भेटलं." एवढंच. त्या दिवशी मी बासुंदीची वाटी तशीच ठेवली, पण पुढच्या रविवारी मी पुन्हा केली.

यंदा त्यांचं पोट बिघडलं. अन्न ठरेना, हाडं दिसू लागली. इथल्या डॉक्टरांनी दूध सांगितलं. बाबा नुसते हसले. शालिनीनं शेंगदाणे भिजवून, पाट्यावर बारीक वाटून, फडक्यातून गाळून त्यात वेलची घातली आणि पेला पुढं केला. "फल्लीदाण्याचं दूध आहे, मामंजी." ते आवडीनं प्यायले. आठवडाभरानं मी त्या पेल्यात गाईचं दूध मिसळायला लागलो. आधी दोन चमचे, मग निम्मं, शेवटी सगळंच गाईचं आणि वर दाण्याचं कूट नावाला. मी स्वतःला सांगत होतो की हे औषध आहे. शालिनीला कळलं तेव्हा ती पाट्यापाशी बसून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही हे त्यांच्यासाठी करून राहिले का स्वतःसाठी?" मी तिच्यावर ओरडलो. बाबांच्या अंगावर थोडं मांस धरलं. ते ओसरीपर्यंत चालत येऊ लागले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "पाहा, दुधाशिवाय उभा झालो का नाई मी!" मी आत बसून ऐकत असे. मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं, खोटं कशाला लिहू.

असा दीड महिना गेला. एका सकाळी पेला संपवून त्यांनी तो शालिनीच्या हातात दिला आणि म्हणाले, "सूनबाई, हे दूध मले तेव्हा सुचलं असतं तं कुसुम वाचली असती. सतरा-अठराची झाली असती आता." अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं. आलं ते असं... त्यांच्या लेखी त्यांचा अपराध काय, तर दाण्याचं दूध सुचलं नाही! मी कचेरीत जायला निघालो होतो, तसाच मागे फिरलो. म्हणालो, "बाबा, ते गाईचं दूध आहे. दीड महिना गाईचंच दूध पिऊन राहिले तुम्ही. मीच टाकलं."

शालिनीनं डोळे मिटून घेतले. बाबांनी मिशीवर हात फिरवला. मला वाटलं, आता शिव्या देतील, रडतील, घशात बोटं घालतील. मी त्याचीच वाट बघत होतो. त्यांनी विचारलं, "कोणाच्या घरचं?"

"गणपत गवळ्याच्या."

"गाईचं का म्हशीचं?"

"गाईचं म्हणलं ना, बाबा."

"वासरू जितं आहे का तिचं?"

मला काय माहीत? गणपत दारात येऊन माप घालून जायचा. त्याचा गोठा मी कधी बघितला नव्हता. पण मी म्हणालो, "हाव, जितं आहे." त्यांनी मान हलवली आणि ते भिंतीकडे वळून निजले.

त्यानंतर ते अकरा दिवस जगले. शालिनीच्या हातून पेज घ्यायचे, पाणी घ्यायचे. माझ्याकडून काही नाही. रागावले नव्हते, कचेरीची चौकशी करायचे, भोपाळहून काय हुकूम आला ते विचारायचे. एकदा घरात कुणी नसताना त्यांनी पाणी मागितलं. मी पेला ओठाशी नेला. त्यांनी आत बघितलं, नीट बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं. साधं पाणी होतं हो ते, विहिरीचं. त्यांनी शालिनी येईपर्यंत तहान काढली. डॉक्टर म्हणाले, गेलेच असते, महिना इकडं नाहीतर तिकडं. स्मशानात भटजींनी तुपाचा गडवा मागितला. मी कुणाला थांबवलं नाही. त्यांच्या अंगाला तूप लावलं गेलं आणि मी हात बांधून बघत उभा राहिलो.

तेराव्यानंतरच्या सकाळी मी लोटा घेऊन निघालो. शालिनी म्हणाली, गणपत येईलच दारात. मी म्हटलं, आज मीच जातो. गणपतचा गोठा सावरगावच्या बाजूला, नदीपलीकडं. त्याची बायको धार काढत बसली होती. गाय खाली मान घालून काहीतरी चाटत होती. जवळ गेल्यावर दिसलं, वासराचं कातडं होतं. आत कडबा भरलेला, पोटाला सुतळीनं शिवलेलं, चार काठ्यांवर उभं केलेलं. डोळ्यांच्या जागी भोकं. मानेवर चाटून चाटून केस गेले होते. "वासरू मेलं का वहिनी?" मी विचारलं. "दिवाळीतच मेलं जी. हे पुढं ठेवलं नाई तं पान्हाच सोडत नाई ते." तिनं बसल्या बसल्या हात लांब करून मिठाचं पाणी त्या कातड्यावर शिंपडलं. गाय पुन्हा चाटू लागली. दिवाळी... म्हणजे बाबांच्या पेल्यात मी पहिले दोन चमचे मिसळले त्याच्या किती आधी. कुणी कुणाला इतक्या मायेनं चाटताना मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. बाबांनी असंच काही कुठंतरी पाहिलं असेल का, आणि ते एवढं साधं कारण आम्हा पोरांना सांगायला त्यांना काय झालं होतं? मला त्यांचा राग आला, आणि लाजही वाटली.

गणपतच्या बायकोनं कासंडी उचलली. "भरू का जी?" तिनं विचारलं.

मी लोटा पुढं केला.