तिसऱ्या मजल्यावरची घूस

"पंखा बंद करा," घरात शिरल्याशिरल्या मामा सांगायचे. पाती पूर्ण थांबेपर्यंत वर बघत उभे राहायचे. मग खोलीतल्या सगळ्यांवरून एक नजर फिरवून म्हणायचे, "आता माणसं बंद करा."

आणि माणसं खरोखर बंद व्हायची. चाललेलं भांडण अर्ध्यावर थांबायचं, टीव्हीवरची मॅच मुकी व्हायची, कडेवरच्या बाळाच्या हातात कुणीतरी घाईघाईने बिस्कीट द्यायचं. मामा स्टुलावर चढून एसीच्या नळीला कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि खाली सगळं घर मान वर करून त्यांचा चेहरा वाचत राहायचं. अशा वेळी माणसं किती वेगळी दिसतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का? बोलणं थांबलं की घरात कोण रुसलेलं आहे ते लगेच कळतं.

मी तेव्हा एसी दुरुस्तीच्या एका दुकानात फोन घ्यायचे. कंपनीचे फॉर्म इंग्रजीत असल्यामुळे गिऱ्हाइकाची सही आणि फोटो घ्यायला मला अधूनमधून मेकॅनिकबरोबर पाठवत. फोनवर मी बरी बोलते. समोर माणूस आला की माझे शब्द जिन्यातच थांबतात. मामा तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, सगळं दुकान त्यांना मामाच म्हणायचं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं. "आमच्या मॅडम इंग्लिश मीडियमच्या हायत," ते प्रत्येक घरात माझी ओळख करून द्यायचे. "महिन्याला सात शब्द बोलत्यात. त्यातले चार इंग्लिश." मी कधी काही म्हणाले नाही. म्हटलं असतं तर महिन्याचे शब्द संपले असते.

मामांच्या थैलीत पाने आणि पक्कड असायची, तशी एक स्टीलची वाटी आणि दाढीचा ब्रशही असायचा. वाटीत साबण फेसायचा आणि नळीच्या प्रत्येक सांध्याला ब्रशने लावायचा. गॅस जिथून पळत असेल तिथे बुडबुडा धरतो. एका घरात वाटी आणि ब्रश पाहून तिथले म्हातारे आजोबा गळ्याभोवती पंचा गुंडाळून खुर्चीत येऊन बसले. मामांनी शांतपणे त्यांच्या एका गालाला फेस लावला, वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं लीक न्हाय, मालक. टाकी फुल हाय."

"गॅस संपला" असं कुणी म्हटलं की मात्र त्यांना राग यायचा. "संपायला ते काय गोडंतेल हाय? बंद नळीत फिरत असतंय ते. कमी झालं म्हंजे कुटूनतरी पळालं. आधी पळवाट बुजवायची, मग भरायचं." दुकानातले बाकीचे मेकॅनिक पळवाट न शोधता गॅस भरून दिवसाला आठ घरं करायचे. मामा दोन करायचे, फार तर तीन. पण त्या घरांतून मला पुन्हा फोन यायचा नाही.

दुकानाच्या धाकट्या मालकांनी मग गळती हुंगून शोधणारं यंत्र आणलं. गॅस जवळ आला की ते किंचाळायचं. मामांनी त्याचं नाव ठेवलं 'कुत्रं'. सगळ्यांसमोर यंत्राची पूजा झाली, नारळ फुटला, धाकट्या मालकांनी बटण दाबलं आणि यंत्र त्यांच्याच शर्टाकडे तोंड करून केकाटायला लागलं. ते अंगावर भरपूर सेंट मारून आले होते. "कुत्रं हुशार हाय," मामा म्हणाले. "मालकाला वळखतंय."

आता मामा दुकानात नाहीत. गुडघे स्टुलावर चढेनात, तेव्हा ते माढ्याकडच्या आपल्या गावी निघून गेले. पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका मे महिन्यातलं. सोलापुरात मे महिन्यात दुपारी गार पाण्याचा नळ सोडला तरी हाताला चटका बसतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

विजापूर रस्त्याकडे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं राहत होतं. ती गणिताची निवृत्त शिक्षिका. सगळी इमारत तिला बाई म्हणायची. नवरा अण्णा. दोन महिन्यांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसरात्र पडून राहून पाठीवर जखमा झाल्या होत्या, घाम आला की त्या चिघळायच्या. डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला सांगितली होती आणि नेमका एसी थंड करेनासा झाला होता. आमच्या दुकानाने तीनदा गॅस भरून दिला. दर वेळी चार-पाच दिवसांत खोलीचा पुन्हा तवा.

चौथ्या वेळी बाईंचा फोन मीच घेतला. "मुली, रविवारी माझा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन येतोय," त्या म्हणाल्या. "तोवर हे यंत्र नीट झालं नाही, तर घराला कुलूप लावून आम्ही पुण्याला जाणार. ह्यांना जायचं नाहीये. नुसतं पुणे म्हटलं तरी तोंडातली पेज बाहेर काढतात. पण माझा इलाज नाही. तेव्हा या वेळी माणूस पाठवा, गॅस नको."

तो गुरुवार होता. मामा गेले, मी गेले, आणि कुत्रं घेऊन धाकटे मालकही आले.

कुत्र्याने पहिल्या दहा मिनिटांत अब्रू घालवली. आजाऱ्याची खोली, जखमा पुसायचं स्पिरिट सगळीकडे शिंपडलेलं. यंत्र एसीपाशी ओरडलं, कपाटापाशी ओरडलं, औषधांच्या ट्रेपाशी ओरडलं आणि शेवटी अण्णांच्या पोटापाशी जाऊन थांबायलाच तयार होईना.

"ह्यांना गळती आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

धाकट्या मालकांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. फोन वाजल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. ते खाली गेले ते गेलेच.

मामांनी नळीत नायट्रोजनचा दाब भरला, गेज लावलं आणि साबणाची वाटी माझ्या हातात दिली. एकेका सांध्याला फेस लावून झाला, आतल्या आणि गॅलरीतल्या युनिटचाही. एकही बुडबुडा नाही. गेजचा काटा मात्र हळूहळू खाली सरकत होता. दोन्ही युनिटांच्या मधली नळी भिंतीत पुरलेली. ती कुठे फुटली असेल हे कळायचं कसं? सगळी भिंत फोडायची तर रविवार हातचा जाणार.

"पंखा बंद करा, बाई," मामा म्हणाले.

"पेशंट आहे खोलीत."

"म्हनूनच सांगतोय. आन् सैपाकघरात कुकर हाय न्हवं? त्यो पन बंद करा. येकदोन मिंटं तितंच थांबा. तुमच्या बांगड्या लई बोलत्यात."

बाईंना असं सांगणारा माणूस बहुधा बऱ्याच वर्षांत भेटला नसावा. त्या गेल्या.

खोली शांत झाली. मामा डोळे मिटून उभे. मी वाटी धरून उभी. आणि त्या शांततेत टक, टक असा आवाज आला. अण्णा डाव्या हाताच्या बोटाच्या पेराने पलंगाशेजारच्या भिंतीवर वाजवत होते.

"पाणी हवं असेल त्यांना," बाई तिकडून ओरडल्या. "सारखे वाजवतात. तांब्या आहे तिथे."

मी तांब्या उचलला. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तो परत ठेवला.

मामा पलंगाशी गेले. अण्णांचा हात जिथे वाजत होता, त्याच्या वर वीतभर अंतरावर एक खिळा होता. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर सलाइनची बाटली अडकवायला ठोकलेला. सलाइन कधीच संपलं होतं, खिळा राहिला होता. मामांनी भिंतीला कान लावला. मग माझ्या हातातल्या वाटीत ब्रश बुडवला आणि खिळ्याच्या मुळाशी फेस लावला.

आधी काहीच नाही. मग खिळ्याच्या खालच्या अंगाला एक बुडबुडा आला. हरभऱ्याएवढा झाला, बोराएवढा झाला, फुटला. लगेच दुसरा.

अण्णांनी डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. गॅस भरल्यावर पहिले दोन दिवस त्यांच्या उशाशी ही भिंत फुसफुसत असणार. या घरात गळतीचा पत्ता एकट्या त्यांना ठाऊक होता, आणि दीड महिना सगळे त्यांना पाणी पाजत होते.

"कुनी ठोकला ह्यो?" मामांनी कुजबुजून विचारलं.

अण्णांची नजर सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

"बाईंनी? सोताच्या हातानं?"

अण्णांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. उजवा जागचा हलला नाही. हसू अर्धंच होतं, पण त्यात जेवढी खोडी मावेल तेवढी होती. घरात बाईंची चूक कधी निघाली असेल, असं त्या घराकडे पाहून वाटत नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पट्टी लावून टांगल्यासारखं सरळ.

बांगड्या वाजल्या. बाई येत होत्या. मामांनी पक्कड काढली, एका झटक्यात खिळा उपसला आणि खिशात घातला. भिंतीतून मोठ्ठी शिट्टी निघाली.

"काय सापडलं?" बाई दारात.

ती बाई गेले दोन महिने माणसाला कुशीवर वळवत होती, पुसत होती, भरवत होती. तिच्याच हाताने ही खोली तापली, हे तिला सांगायचं? मी मामांकडे पाहत होते. त्यांनी घसा खाकरला.

"घूस," ते म्हणाले.

"घूस?"

"घूस, बाई. नळी कुरतडली बगा. मी लाइट मारला तसं भोकातनं पळाली."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लिफ्ट हाय की."

बाई माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेली दिसतेस. तू पाहिलीस घूस?"

मला खोटं बोलता येत नाही. खरंही धड बोलता येत नाही. मी वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात समोर धरून वीतभर अंतर दाखवलं. मामा माझ्याकडे बघत होते. मी ते अंतर आणखी थोडं वाढवलं.

पलंगावरून एक विचित्र आवाज आला. अण्णा हसत होते. बाई धावत गेल्या, त्यांना ठसका लागला असं वाटून.

मामांनी त्याच दुपारी चार बोटं रुंदीची भिंत फोडली, भोक पडलेला तुकडा कापून नवा जोडला आणि दाब भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा केसभरही हलला नव्हता. मग गॅस भरला. रविवारी मुलगा गाडी घेऊन आला, थंड खोलीत आमरस-पुरी खाऊन झोपला आणि संध्याकाळी एकटा परत गेला. सोमवारी बाईंनी फोन करून मला हे सांगितलं. पेज कशी जाते, असं मला विचारावंसं वाटत होतं. त्यांनीच सांगितलं की वाटीभर जास्त गेली.

पुढच्या फेब्रुवारीत उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगसाठी आम्ही दोघं पुन्हा त्या घरी गेलो. अण्णा खुर्चीत बसलेले होते, पाठ बरी झाली होती. खिळ्याच्या जागी गिलावा केलेला, वर रंग. काम संपल्यावर बाई आम्हाला पोहोचवायला जिन्यापर्यंत आल्या आणि दार मागे ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. भिंतीत एक खिळा होता. तो नाहीसा झाला. नेमकं तिथेच भगदाड. आणि उत्तर घूस?"

मामांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"तो मी ठोकला होता. बत्त्याने. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळलं मला."

"मग तवा का न्हाय बोलला, बाई?"

बाई बंद दाराकडे बघत म्हणाल्या, "सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदा माझी चूक सापडलीय. तीही अशी, की फक्त त्यांनाच माहीत. मी घुशीचं नाव काढलं की हसतात. आधी अर्धंच हसायचे. आता उजवीकडचा ओठही हलतो. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, हसवत राहा." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणून येईल त्याला घुशीची गोष्ट सांगते. तुम्ही मात्र त्यांना कळू देऊ नका, मला माहीत आहे म्हणून."

मामांनी खिशातला हात काढून थैली उचलली.

आम्ही जिना उतरायला लागलो. वरून चौथ्या मजल्यावरच्या कुणी काकू वाटी घेऊन साखर मागायला आल्या. बाईंनी त्यांना आत घेतलं. दार उघडंच राहिलं.

"तुम्हाला सांगितलं की नाही मी?" बाईंचा वर्गातला आवाज जिनाभर घुमला. "अहो, एवढी घूस! मांजराएवढी नाही, कुत्र्याएवढी! नुसती शेपूटच हातभर. लिफ्टमधून आली..."

आत अण्णांना हसू फुटलं. मोठं, ओबडधोबड, थांबता थांबेना असं.

मामा पायरीवर उभे होते, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात थैली. नळीला लावतात तसा कान दाराकडे केलेला. मग माझ्याकडे वळून, जरा दुखावल्यासारखे, म्हणाले, "मॅडम, माझी एवढी मोठी न्हवती."